टाकावरचे दात

घरात चार महिन्यांचं पगचं पिल्लू असलं की माणसाला आवाज ओळखता येऊ लागतात. चपलेचा आवाज ओला आणि सावकाश. पायपुसण्याचा फरफर. खुर्चीच्या पायाचा करकर, मध्येच थांबणारा, कारण लाकूड चावताना मोमोला श्वास पुरत नसे आणि तो एकदा शिंकून पुन्हा कामाला लागत असे. राजलक्ष्मीला हे सगळं इतकं पाठ झालं होतं की ग्वाल्हेरच्या थाटीपुरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, ओट्याशी उभी राहून, मान न वळवता ती सांगू शकली असती की महाराज आत्ता कुठे आहेत आणि कशाचा निकाल लावताहेत. पण त्या रविवारी सकाळी आलेला आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. बारीक, कोरडा, धातूचा. कट्. मग जरा वेळाने पुन्हा कट्. तिच्या स्वतःच्या दाढा शिवशिवल्या. गॅसवर दूध आहे याचंही भान न राहता ती गॅलरीकडे धावली, आणि पोचायच्या आधीच तिला कळलं होतं की काय झालंय. फक्त पाचांपैकी कोणता, एवढंच कळायचं राहिलं होतं.

गॅलरीत पाच टाक उन्हात वाळत ठेवलेले होते. खंडोबा, भवानी, भैरोबा, नाग आणि वीर. चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेले, मागे तांब्याची पाठ, प्रत्येक तळहातात मावेल एवढा. दर रविवारी त्यांना पंचामृताने न्हाऊ घालायचं, मग साध्या पाण्याने, मग पाटावर पांढरं फडकं अंथरून तासभर कोवळ्या उन्हात ठेवायचं, कारण ओल राहिली तर तांब्यावर हिरवट डाग चढतात. ही नानांची, म्हणजे तिच्या वडिलांची, पद्धत होती आणि एकोणीस वर्षांत तिने ती एका रविवारीही मोडली नव्हती. घरात कुत्रं आल्यावर पाट उचलून उंचावर ठेवायला हवा, हे कोणाही शहाण्या माणसाला सुचलं असतं. तिला सुचलं नाही. टाक पाटावर आणि पाट जमिनीवर, एवढंच तिच्या हातांना माहीत होतं. दुसरी चूक तर त्याहून खास तिची होती. वीराचा टाक सगळ्यांत झिजलेला, म्हणून त्याचा चेहरा ती कधी घासत नसे, बोटाच्या टोकाने नुसतं पाणी फिरवत असे. त्यामुळे त्याच्या पागोट्याच्या घडीत आणि ढालीच्या कडेला तुपाचा अंश कायम राहिलेला. मोमोने चार देव हुंगून सोडून दिले होते आणि तुपाच्या वासाचा पाचवा पुढच्या दोन पायांत धरून, डोळे मिटून, अगदी मन लावून तो चघळत होता.

ती ओरडली तरी त्याने डोळे उघडले नाहीत. पगचं तोंड मुळात बसकं, दात तांदळाच्या कणीएवढे, पण एकदा जबडा मिटला की मिटला. तिने त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात बोट घातलं, जबडा उचकटला, तेव्हा कुठे टाक सुटून लाळेने माखलेला तिच्या हातात आला. मोमोने काळं सुरकुतलेलं तोंड वर करून तिच्याकडे पाहिलं, की हे काय, माझं काढून घेतलंस? टाकावर चार खोल खळगे पडले होते. चेहऱ्यावरून एक आडवा चर गेला होता आणि एका बाजूची कड उचकटली होती. ती तिथेच फरशीवर बसली. रडू आलं नाही. भीती वाटली, आणि त्या भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी हळूच वर यायला लागलं. ते इतकं लाजिरवाणं होतं की तिने त्याला नाव द्यायच्या आतच दाबून टाकलं. दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा ती उठली.

मंगळवारी हेमेंद्र टाक न्यायला येणार होता. हेमेंद्र तिचा धाकटा भाऊ, सहा वर्षांनी लहान. बदलीच्या नोकरीत सतना, रायपूर, जबलपूर असा सगळा मुलूख भाड्याच्या घरांतून हिंडला आणि आता भोपाळला स्वतःचं घर बांधून स्थिरावला. शुक्रवारी वास्तुशांत होती. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला तेव्हा तो किती खुशीत होता! "ताई, देवघर सागवानाचं करून घेतलंय. सोनिकाने आतमध्ये लाइट पण लावून घेतली. आता तू सुटलीस बघ." सोनिका म्हणजे त्याची बायको. सुटलीस म्हटल्यावर राजलक्ष्मी "हो ना" म्हणाली होती. ती नेहमीच "हो ना" म्हणायची, हा शब्द तिच्या जिभेवर तयारच असे. नाना गेले तेव्हा, दिवसकार्य उरकल्यावर, हेमेंद्रने नानांचं मनगटी घड्याळ आणि भिंतीवरची तलवार घेतली आणि टाकांच्या डब्याकडे बघत म्हणाला, "किरायाच्या घरात देव कुठे मांडू? बदली झाली की पुन्हा उचला. तोपर्यंत तू कर, ताई." तोपर्यंत. घरचे देव मुलाचे. मुलीचे देव तिच्या सासरचे, आणि राजलक्ष्मीला सासर नव्हतं, म्हणजे त्या न्यायाने तिला देवच नव्हते. हे कोणी तिला तोंडावर म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती, ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

लहानपणी तिचं काम गंध उगाळण्याचं. सहाणेवर खोड फिरवून फिरवून मनगट भरून यायचं, मग ती वाटी उंबऱ्यावर ठेवायची आणि बाहेरच उभी राहायची. नाना सोवळं नेसून आत बसायचे आणि त्यांच्या मांडीवर पाच वर्षांचा हेमू, नाक गळत असलेला, दोन्ही हातांनी टाकांशी खेळत. "हा कोण? खंडोबा. आणि ही? भवानी." एकदा टाक त्याच्या हातून निसटून उंबऱ्यापर्यंत घरंगळत आला होता. तो अगदी तिच्या अंगठ्याजवळ येऊन थांबला आणि ती वाकली, तर नाना म्हणाले, "राहू दे, तू नको." रागाने नाही, अगदी मायेने म्हणाले होते. रागाने म्हणाले असते तर ती कदाचित विसरली असती. नाना गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, एकेचाळीस वर्षांची, कन्याशाळेत भूगोल शिकवणारी बाई, टाक हातात घ्यायला पदर मध्ये धरून बसली होती. अंघोळ घातली, पुसलं, मांडलं आणि काहीतरी होईल म्हणून वाट पाहिली. काही झालं नाही. दुपारी ती वह्या तपासायला बसली, मुलींनी नर्मदा उलट्या दिशेने वाहवली होती, तिने ती लाल पेनाने सरळ केली. पुढच्या रविवारी तिने पदर मध्ये धरला नाही.

मग वर्षं गेली आणि बोटांना सगळं कळू लागलं. दिवे गेलेले असले तरी तिला अंधारात कोणता टाक कोणता ते सांगता यायचं. खंडोबाच्या घोड्याचे पाय खडबडीत, नाग गार, भवानीचे हात मोजता येण्यासारखे. आणि वीर. वीराला चेहरा उरलाच नव्हता. नाव तर नव्हतंच. नाना म्हणत, आपल्यातला जो पहिला फौजेबरोबर दख्खनेतून इकडे आला, तो हा. कुठल्याशा लढाईत पडला. कुठल्या, ते नानांनाही माहीत नव्हतं. त्याचं नाव कधीतरी, कोणीतरी, शेवटचं उच्चारलं असेल, आणि त्यानंतर कोणीच नाही, असं तिच्या मनात यायचं. बाकीच्यांना ती नमस्कार करी, वीराशी मात्र बोले. "काय शिलेदार, गुडघा फार दुखतोय आज." "प्राचार्याची जागा आली होती, शिवपुरीला. हेमूच्या प्रांजलीचं शिक्षण इथे व्हायचंय, सोडून दिली." "निवृत्तीचा समारंभ झाला, शाल दिली, टोचते." हे ती कोणाला सांगायला गेली असती तर लोकांनी तिला वेडी ठरवलं असतं, आणि ठरवलं असतं तर त्यांचं अगदीच चुकलं नसतं. पण एकोणीस वर्षं रोज सकाळी ज्याच्याशी बोलायचं तो डब्यात बंद होऊन भोपाळच्या लाइटवाल्या देवघरात जाणार, हे ठरल्यापासून महिनाभर तिचं जेवणावर मन नव्हतं.

दुपारी प्रांजलीचा फोन आला. ही हेमेंद्रची मुलगी. कॉलेजची दोन वर्षं आत्याकडे राहिली, शेवटी शेवटी हौसेने पिल्लू घेतलं आणि महिन्याभरात हैदराबादला नोकरी लागल्यावर, "आत्या, बस तीन महिने" म्हणून ते इथेच ठेवून गेली. लोक राजलक्ष्मीकडे वस्तू अशाच ठेवून जात. व्हिडिओ कॉलवर मोमोचं नाक आधी आणि आत्याचा चेहरा नंतर दिसायचा, तोच क्रम आजही होता. मोमोने टाक चावल्याचं राजलक्ष्मीने सांगितलं.

"अरे यार आत्या! त्याने गिळलं तर नाही ना काही? मोमो ठीक है ना?"

"त्याला काय धाड भरलीये. वीराला दात लागलेत."

"कौनसे वाले? तलवारवाले?" प्रांजली स्क्रीनजवळ आली. "खंडोबाला चावला असता तर चाललं असतं, उनका तो खुदका कुत्ता होता है।" स्वतःच हसली आणि आत्या हसत नाही हे बघून गप्प झाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "सुन ना. पापांना सांगूच नको. सोनाराकडून ठीक करून घे, पता भी नहीं चलेगा. नाहीतर ते खंडित झाले म्हणून नेणारच नाहीत, नवीन घेऊन घेतील. मम्मी तर आधीपासून बोलून राहिली होती की नवीन सेट घ्या, मोठे वाले. पापाच अडून बसले की घरके ही चाहिए।"

राजलक्ष्मीने फोन ठेवला. मोमो तिच्या पायाशी येऊन साडीच्या काठाला लागला, ते तिला कळलंसुद्धा नाही. नेणारच नाहीत. सकाळी फरशीवर बसली असताना जे वर येत होतं आणि जे तिने दाबून टाकलं होतं, त्याला आता प्रांजलीने आपणहून नाव दिलं होतं. तिला आनंद झाला होता. घरच्या देवाला कुत्र्याचे दात लागले आणि तिला आनंद झाला होता. काही करायला नको, काही बोलायला नको. मंगळवारी नुसता टाक पुढे करायचा, तोंड पाडून बसायचं, हेमू हळहळेल, नवे टाक घेईल, आणि हे इथे राहतील. राहतील खरे, पण टाकून दिलेले. तिचे म्हणून राहणार नाहीत. हा फरक तिला आत कुठेतरी टोचत होता, पण नीट हाताला लागत नव्हता, आणि संध्याकाळपर्यंत ती उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धूत बसली.

सोमवारी सकाळी तिने मोमोला आधी जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. पोटात चांदी गेली नव्हती. तिने गाऱ्हाणं मांडलं. टेबलाच्या पायांना मिरचीचं वाटण लावून पाहिलं, त्याने ते चाटून संपवलं आणि वर पाय खाल्ला. फ्रिजमध्ये गारठवलेलं गाजर दिलं, गाजर लपवून ठेवलं आणि चार्जरची वायर तोडली. सोफ्याची एक बाजू गेली, भिंतीवरच्या नकाशातला कच्छ गेला, कॅलेंडरचे येते दोन महिने गेले. डॉक्टर तरुण होता, हसत होता. "मैडम, दाँत बदल रहे हैं इसके। मसूड़े दुखते हैं तो चबाएगा ही, इसमें शरम काहे की? दुखेगा तो मुँह चलाएगा।" यात हसण्यासारखं काही नव्हतं, पण रस्त्यावर येऊन टेम्पोची वाट बघताना तेच वाक्य तिच्या डोक्यात घोळत राहिलं. दुखलं की तोंड चालवायचं, आणि त्यात लाज कसली? साठ वर्षांत तिचं काय कमी दुखलं होतं? रस्त्याकडची खोली हेमूला दिली तेव्हा दुखलं. पडाव भागात राहणारा तो रेल्वेतला माणूस तीन वर्षं थांबला आणि मग थांबेनासा झाला, तेव्हा दुखलं. शिवपुरीचं दुखलं. प्रत्येक वेळी तिने तोंड मिटून घेतलं होतं आणि लोक म्हणाले होते, राजलक्ष्मी किती समजूतदार. मोमोला घरी सोडून ती पुन्हा निघाली.

सदाशिवराव पोतदारांचं दुकान किला गेटला, उतारावर. दुकान म्हणजे एक फळी, एक गादी आणि सदाशिवराव. त्यांच्या वडिलांनी नानांच्या वेळी भवानीच्या टाकाची पाठ बदलून दिली होती. टाक करणारी ग्वाल्हेरात आता तेवढीच एक जागा उरली होती. टेम्पोत बसून पडाव ओलांडेपर्यंत तिने ठरवलं होतं की टाक सरळ करून घ्यायचा, देऊन टाकायचा, आणि हेमूला यातलं अक्षरही सांगायचं नाही. जे ज्याचं असेल ते त्याच्याकडे जाऊ दे. सदाशिवरावांनी डोळ्याला भिंग लावलं, टाक उजेडात फिरवला.

"कुत्रं?"

"पिल्लू आहे."

"दिसतंय. दुधाचे दात." त्यांनी चिमट्याने उचकटलेल्या कडेतून काहीतरी बारीक पांढरं ओढून काढलं आणि कागदावर ठेवलं. खरंच दात होता, निम्मा तुटलेला. "हे बघा, स्वतःचा पण घालवून बसलं. अर्ध्या तासाचं काम आहे, बाई. आतून उचलतो, वरून ठोकतो. कोणी म्हणणार नाही की काही झालं होतं. पण खरं सांगू का? हा भिन्न झाला, म्हणजे खंडित. नियमाने पूजेत ठेवत नाहीत. त्यापेक्षा वितळवून ह्याच चांदीचा नवा करून देतो. डोळे, मिशा, सगळं नीट उठवून देतो. हा तर नुसता गोटा राहिलाय."

तिच्या डोळ्यांसमोर मिशावाला वीर उभा राहिला. नवाकोरा, ओळखदेख नसलेला. हा तो नाही असं तिला सांगावंसं वाटलं. पण मग तो म्हणजे कोण? ज्याचं तोंड कुत्र्याने दाबून टाकलंय आणि त्याआधी अडीचशे वर्षांच्या बोटांनी झिजवलंय, ज्यातली शेवटची एकोणीस वर्षं तिची होती. त्या फळीपुढे उभी असतानाच ते कालपासून टोचणारं अचानक तिच्या हाती लागलं. टाक सरळ करून गुपचूप द्यायचा हा एक रस्ता. मोडलेला दाखवून गुपचूप ठेवून घ्यायचा हा दुसरा. दोन्ही रस्त्यांवर तिला तोंड उघडायचं नव्हतं. एकात सोनाराने तिचं काम करायचं होतं, दुसऱ्यात कुत्र्याने. तिचा तिलाच राग आला, इतका की कान गरम झाले.

"नवा नको," ती म्हणाली.

"मग सरळ करतो."

"सरळ पण नको."

सदाशिवरावांनी भिंग काढलं. "मग आणलात कशाला?"

"कड तेवढी दाबून द्या. पुसताना हाताला लागेल. बाकी राहू द्या, आहे तसं."

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, मी काय सांगणार. पण भिन्न टाक पुजला तर दोष लागतो."

"कोणाला लागतो?"

"कोणाला म्हणजे? पूजा करणाऱ्याला."

"मग चालेल," राजलक्ष्मी म्हणाली. "ती मीच करते."

सदाशिवरावांनी लाकडी हातोडी घेतली आणि कड दाबायला लागला, अगदी हळू. घरी येताना तिला टेम्पोत कोपऱ्यातली जागा मिळाली. टाक तिने पर्समध्ये ठेवला नव्हता, मुठीत धरला होता, आणि चारही खळगे तळव्याला लागत होते. तिला भीती वाटत होतीच. हेमू रागावेल ही भीती नव्हती. तो रागावणार नाही, त्याला लागेल, आणि तो पुन्हा येणार नाही, दिवाळीला फोन करेल आणि "कशी आहेस" म्हणून ठेवून देईल, ही भीती होती. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, त्याचं नाक तिने पुसलं होतं. पण हे प्रेम आणि ते टाक यांची गाठ तिने आजवर उगाच बांधून ठेवली होती, की एक हवं तर दुसरं द्यायलाच पाहिजे. संध्याकाळी तिने जेवण नीट केलं, महिन्याभरात पहिल्यांदा, आणि मोमोला आपल्या जुन्या टॉवेलची एक ओली गाठ मारून दिली. ती मात्र त्याने पसंत केली.

मंगळवारी भोपाळहून दुपारच्या गाडीने हेमेंद्र आला. केस रंगवलेले, हातात मिठाईचा डबा आणि आतून मखमल लावलेली एक नवी पेटी. दारातच मोमोने त्याच्या बुटाची नाडी धरली.

"अरे, हे प्रांजलीचं ध्यान! ताई, हे सगळं घर खाऊन टाकेल तुझं."

"खाल्लंय बरंचसं. बस. पाणी घे."

तो बसला, पाणी प्यायला, वास्तुशांतीला कोण कोण येणार ते सांगितलं, सोनिकाने गुरुजी कुठून मिळवले ते सांगितलं. तो फार आनंदात होता आणि तो आनंद तिलाच मोडायचा होता. आणखी थांबलं तर आपल्याला जमणार नाही, हे तिला दिसलं. म्हणून ती उठली, देवघरातून वीराचा टाक आणला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटा सुलटा केला.

"हे काय झालं?"

"रविवारी मोमोने चावला. पाट खाली ठेवला होता, माझी चूक."

"देवा रे." त्याने खळग्यांवरून अंगठा फिरवला. मग त्याने सुस्कारा सोडला आणि तिच्या लक्षात आलं की त्या सुस्काऱ्यात दुःखाबरोबर थोडी सुटकाही होती. "चल, जाऊ दे. ठीक आहे. त्यात तुझा काय दोष? खंडित झाला म्हणजे नेता तर येत नाही. एक गेला म्हणजे सगळाच संच बदलायला हवा. सोनिका तशी म्हणतच होती. मी सगळ्यांना सांगतो की कुत्र्याने चावले, विषय संपला. हे तू विसर्जन करून टाक. किंवा ठेव तुला वाटलं तर, असेच, शो-केसमध्ये. जुनी वस्तू आहे."

दार सताड उघडं होतं. "हो ना" एवढंच म्हणायचं होतं, आणि ते नेहमीच्या सवयीने जिभेच्या टोकावर आलंसुद्धा. तिने ते गिळलं.

"हेमू, मोमोने चावला नसता तरी मी दिले नसते."

"म्हणजे?"

"म्हणजे तू आलास, जेवलास, पेटी उघडलीस, तरी मी दिले नसते. मला द्यायचे नाहीत. पाचही."

तो हसला, कारण त्याला ती थट्टा वाटली. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "ताई, ते घरचे देव आहेत."

"हो. आणि हे घर आहे."

"अगं, पण ते मुलाकडे जातात ना. मी काय आत्ता ठरवलंय का हे? नानांनीच..."

"जातात. मला माहीत आहे. हे जाणार नाहीत."

"लोक काय म्हणतील? बहिणीने देव अडवून ठेवले?"

"म्हणतील. आणि ते खरं असेल."

तो उठून गॅलरीपर्यंत गेला आणि परत आला. त्याचा चेहरा लहानपणी खेळात बाद झाल्यावर व्हायचा तसा झाला होता आणि तिला वाटलं, पुरे, देऊन टाकावे, काय ठेवलंय चांदीच्या पाच पत्र्यांत? तिने दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली आणि ते वाटणं निघून जाईपर्यंत थांबली. ते गेलं.

"तू आधी मागितले असतेस तर मी नाही म्हटलं असतं का?" तो म्हणाला. आवाज खरोखर दुखावलेला होता. "एकदा तोंडाने मागायचेस ना! मी स्वतः म्हटलं असतं, ठेव."

"म्हणून तर मागितले नाहीत. मागितले असते तर तू दिले असतेस, आणि मग ते तू दिलेले झाले असते. तू चांगला आहेस, हेमू. पण मला कोणी दिलेलं नकोय. एकोणीस वर्षं मी रोज त्यांचं केलं. ते माझे आहेत. हे मी आधीच सांगायला हवं होतं, तू फोनवर सुटलीस म्हणालास तेव्हाच. तेव्हा माझं तोंड उघडलं नाही, ही मात्र माझी चूक. त्याची माफी मागते."

तो खाली बसला. मोमो घोरत होता. एवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. सोनिका. त्याने नाव बघितलं, ताईकडे बघितलं, आणि फोन हातात वाजत ठेवून, समजुतीच्या आवाजात, जवळजवळ विनवत म्हणाला, "ऐक माझं. नाही द्यायचे तर नको देऊस. ठेव. मी तिला कुत्र्याचंच सांगतो. तुला पण कोणी काही बोलणार नाही, मला पण नाही. सगळ्यांसाठी तेच बरं."

"नाही," राजलक्ष्मी म्हणाली. "कुत्र्याचं नाव घेऊ नकोस. माझं घे."

"ताई..."

"माझं नाव घे, हेमू. गुरुजींना पण तेच सांग. आणि जो जो विचारेल त्याला."

फोन वाजायचा थांबला आणि लगेच पुन्हा वाजू लागला. हेमेंद्रने तो कानाला लावला. पलीकडून सोनिकाचं काहीतरी भराभर आलं, तो "हां, हां" म्हणत राहिला, एकदा घसा साफ केला. राजलक्ष्मी खुर्चीला न टेकता तिथेच उभी राहिली.

"नहीं, टाक ठीक हैं," तो म्हणाला. "एकाला जरा लागलंय, पण ते कारण नाही. नाही मिळणार आपल्याला. अगं, हरवले नाहीत, इथेच आहेत, माझ्यासमोर आहेत." मग तो थांबला. बायकोशी बोलताना तो बहिणीला नेहमी नुसतं ताई म्हणे. डोळे जमिनीवर ठेवून, एकेक अक्षर सुटं करत तो म्हणाला, "राजलक्ष्मीने दिले नाहीत. तिचे आहेत म्हणते. नहीं देगी वो।"

पलीकडचा आवाज चढला, तो ऐकत राहिला, पण बोललेलं त्याने परत घेतलं नाही. राजलक्ष्मी मग आत गेली. त्याच्या परतीच्या गाडीला अजून तीन तास होते आणि तो उपाशी जाणार नव्हता. तिने पदर खोचला आणि कणीक काढली.